राजीनामा आणि हिशेब

मराठीत काही शब्द असे आहेत की काळाच्या ओघात त्यांचा अर्थ मूळ जागेपासून फार दूर वाहत गेला आहे. 'राजीनामा' हा त्यांपैकी एक. शब्द मूळचा फारसी. राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा लेख, एवढाच त्याचा अर्थ. मराठेशाहीत दोन पक्ष आपला तंटा घेऊन गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे उभे राहिले की निवाड्यास आरंभ होण्यापूर्वी दोघांकडूनही राजीनामा लिहून घेत असत. पंच जो निर्णय देतील त्यास आम्ही राजी आहो, अशी ती लेखी हमी असे. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाने येजितखत लिहून द्यावे आणि जिंकलेल्याने निवाडपत्र घेऊन घरी जावे, अशी ती रीत. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई व ती घेणारा कबुलायत देई. आज लोकांच्या बोलण्यात उरला आहे तो केवळ 'सोडून देणे' हा अर्थ. जो कागद एके काळी चौकशीच्या आरंभी, 'माझा न्याय करा' म्हणून लिहून दिला जात होता, तो आता बहुधा चौकशीच्या शेवटी, आणि पुष्कळदा चौकशी होऊच नये म्हणून, लिहिला जातो.

वादात सापडलेल्या मंत्र्याने किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याने पद सोडले की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणतो, पाहा केवढा नीतिमान मनुष्य! कोणी म्हणतो, पाहा, पाप होते म्हणूनच पळाला. आमच्या मते हे दोन्ही निष्कर्ष उतावळे आहेत. राजीनाम्याची किंमत राजीनाम्यात नसते. त्याच्या आगेमागे हिशेब दिला गेला की नाही, यात ती असते. हे तपासून पाहण्यासाठी आपल्या मुंबईच्या इतिहासातील दोन राजीनामे आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. दोन्ही एकाच खुर्चीवरून दिले गेले, आणि दोहोंमध्ये दोन वर्षांचेही अंतर नाही.

ती खुर्ची केंद्रीय अर्थमंत्र्यांची. स्वतंत्र भारताचे पहिले चारही अर्थमंत्री राजीनामा देऊन गेले, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात नाही. षण्मुखम् चेट्टी १९४८ मध्ये गेले. प्राप्तिकर चौकशी आयोगाकडे पाठवायच्या यादीतून काही नावे वगळली गेल्याच्या वादात ते सापडले होते. डॉ. जॉन मथाई १९५० मध्ये गेले. नियोजन आयोगाच्या अधिकारांविषयी पंतप्रधानांशी त्यांचे मूलभूत मतभेद झाले. हे केरळीय ख्रिस्ती गृहस्थ पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. त्यांच्यानंतर आले चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, एल्फिन्स्टनमध्ये शिकले, केंब्रिजला गेले आणि आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून गेले, आणि १९५० मध्ये अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर आले. हा मनुष्य चळवळीतला नव्हे, सभा जिंकणारा वक्ता नव्हे. फायली वाचणारा, कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा, शिस्तीचा प्रशासक. अशा माणसाने पंतप्रधानांच्या तोंडावर राजीनामा द्यावा, यासाठी तसेच काही घडावे लागले.

ते घडले मुंबईच्या रस्त्यांवर. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी नाकारली गेली. २० नोव्हेंबरला गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार होऊन पंधरा माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतरचा आठवडा हा या शहराच्या आयुष्यातला एक अत्यंत काळा आठवडा ठरला. गिरगावात एक आणि दादरला एक अशी दोन चर्चे आहेत, आणि दोहोंनाही लोक 'पोर्तुगीज चर्च' याच नावाने ओळखतात. एका पोर्तुगीज चर्चपासून दुसऱ्या पोर्तुगीज चर्चपर्यंत लालबाग-परळमार्गे चालत गेले, तर त्या आठवड्यातील दगडफेकीचा, जाळपोळीचा आणि गोळीबाराचा मुख्य टापू पायाखालून जातो. चाळींच्या गॅलऱ्या, गिरण्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ, संचारबंदी, आणि बंदुका. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या १०५ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांतील बहुतेक या आठवड्यातले.

दंगलखोरही होतेच. दुकाने फुटली, निरपराध माणसांना मारहाण झाली, भाषेवरून शेजाऱ्याने शेजाऱ्याला वेगळे पाडले. लढ्याच्या आठवणींत हे पान कोणी उघडत नाही. परंतु इतिहास लिहायचा तर ते मिटून ठेवता येणार नाही. प्रश्न एवढाच होता की ज्या सरकारी बंदुकांनी इतकी माणसे मारली, त्या कोणाच्या हुकमाने, कोणत्या प्रसंगी, आवश्यक तेवढ्याच झाडल्या गेल्या काय? याची न्यायालयीन चौकशी व्हावी, अशी मागणी झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. मोरारजीभाईंची वैयक्तिक सचोटी त्यांचे वैरीही मान्य करीत. परंतु वैयक्तिक सचोटी ही एक वस्तू आहे आणि उत्तरदायित्व ही दुसरी. जो मनुष्य स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयी निःशंक असतो, त्यालाच दुसऱ्याने हिशेब मागणे अधिक अपमानास्पद वाटते, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि हा दोष राजकारण्यांइतकाच आम्हां धर्मगुरूंनाही जडतो.

चौकशीची मागणी मान्य झाली नाही.

चिंतामणरावांनी राजीनाम्याचा मनोदय जानेवारीतच पंतप्रधानांना कळविला होता. तथापि ते प्रत्यक्ष बाहेर पडले जुलैमध्ये. मधल्या सहा महिन्यांत त्यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली (ती १९ जानेवारीची, म्हणजे मुंबईत गोळ्या झाडल्या जात असतानाचीच), अर्थसंकल्प मांडला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पैशाची जुळवाजुळव केली. त्यांच्या चाहत्यांना आवडणार नाही, पण हा विलंब आम्हांला खटकतो. ज्या अन्यायामुळे मन बंड करून उठले, त्या अन्यायाच्या मंत्रिमंडळात सहा महिने बसायचे, याचे समर्थन कर्तव्यबुद्धीने होऊ शकते. परंतु लालबागच्या चाळीत ज्या घरातला कर्ता मेला त्या घराला ते पटवून देणे कठीण आहे.

मात्र २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले, त्यामुळे त्यांचा राजीनामा इतर अनेक राजीनाम्यांपासून वेगळा ठरतो. त्यांनी प्रकृतीचे कारण सांगितले नाही. 'वैयक्तिक कारणास्तव' असे मोघम शब्द वापरले नाहीत. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला, ही रीत राज्यघटनेच्या भावनेशी विसंगत आहे, हा त्यांचा एक आरोप. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, आणि या नकारामागे महाराष्ट्राविषयीचा आकस आहे, हा दुसरा. पंतप्रधानांनी दोन्ही आरोप नाकारले. कोण कितपत बरोबर होता याची चर्चा अभ्यासक करीत राहतील. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की जाणाऱ्या मंत्र्याने कारणे सभागृहापुढे मांडली, ती सभागृहाच्या कामकाजात नोंदली गेली आणि त्यांना उत्तर देणे राहणाऱ्यांना भाग पडले. हा राजीनामा जुन्या अर्थाच्या जवळ जाणारा होता. त्याने न्याय मागितला, आणि मागणाऱ्याने आपली खुर्ची आधी खाली ठेवली.

पण न्याय मात्र झाला नाही. ऑगस्टमध्ये विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा तोडगा निघाला, नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्रिपद यशवंतराव चव्हाणांकडे गेले आणि मोरारजीभाई केंद्रात वाणिज्यमंत्री झाले. चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अर्थमंत्र्यांच्या खुर्चीवर ऑगस्टच्या अखेरीस टी. टी. कृष्णम्माचारी येऊन बसले.

आणि येथे दुसऱ्या राजीनाम्याची कथा सुरू होते. चिंतामणरावांनी राष्ट्रीयीकरण केलेल्या विमा कंपन्यांतून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत. कारकून, शिक्षक, रेल्वेतले नोकर, मुलीच्या लग्नासाठी किंवा आपल्यामागे बायकोच्या हाती चार पैसे राहावेत म्हणून हप्ता भरणारी लहान माणसे, अशांचा तो पैसा. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. त्यांत कलकत्त्याची जेसप होती, तशी आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. हे करताना महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्ला घेतला गेला नाही. मुंदडा आधीच अडचणीत आलेला होता. त्याला सावरण्यासाठी विमेदारांचा पैसा वापरला गेला, असा संशय निर्माण झाला. डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत फिरोज गांधी उभे राहिले. ते पंतप्रधानांचे जावई आणि काँग्रेसचेच सदस्य. विरोधी बाकावरच्या कोणाहून त्यांचे प्रश्न अधिक धारदार निघाले.

सरकारने चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांची एकसदस्य समिती नेमली. छागला अस्सल मुंबईकर. त्यांनी चौकशी बंद खोलीत न करता उघड्यावर केली. साक्षी ऐकण्यास इतके लोक लोटले की आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. ही घटना आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. दोन वर्षांपूर्वी याच शहरात लोक रस्त्यावर जमले तेव्हा त्यांच्यापुढे बंदुका होत्या. आता तेच लोक रस्त्यावर उभे राहून अर्थमंत्री, त्यांचे प्रधान सचिव आणि विमा महामंडळाचे अधिकारी यांची उलटतपासणी ऐकत होते. कोणी दगड मारला नाही. लोकांना हिशेब कळत नाही, भावना तेवढ्या कळतात, असे म्हणणाऱ्यांनी या दृश्याचे स्मरण ठेवावे.

चौकशीत प्रश्न येऊन ठेपला तो मंत्री आणि सचिव यांच्यातील नात्यावर. अर्थमंत्र्यांचे म्हणणे असे की या व्यवहाराला आपण मंजुरी दिलेली नव्हती. प्रधान सचिव एच. एम. पटेल हे आय.सी.एस.मधील मोठे कर्तबगार अधिकारी. त्यांचे म्हणणे असे की मंत्र्यांच्या संमतीवाचून आपण काही केलेले नाही. दोन मोठी माणसे, एक व्यवहार, आणि दोन परस्परविरोधी आठवणी. छागलांनी काढलेला निष्कर्ष आपल्या सार्वजनिक जीवनाचा पाया व्हावा अशा योग्यतेचा आहे. मंत्र्याला सचिवाच्या आड लपता येत नाही. खात्याने जे केले त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. आयोग जानेवारीत नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९५८ च्या फेब्रुवारीत सादरही झाला. आज आयोगांची मुदत वर्षानुवर्षे वाढत जाते हे पाहिले की त्या एका महिन्याचे आश्चर्य वाटते. १८ फेब्रुवारीला कृष्णम्माचारी पायउतार झाले. पटेल प्रशासकीय सेवेतून बाहेर पडले आणि पुढे वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थांच्या कामात रमले. मुंदडाला तुरुंगवास घडला.

येथे एक सूक्ष्म भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा. कृष्णम्माचारींवर त्यांनी स्वतः पैसे खाल्ले असा ठपका नव्हता. पंडितजींनीही राजीनामा स्वीकारताना त्यांच्याविषयी विश्वासाचेच उद्गार काढले. म्हणजे हा दोषी ठरलेल्या चोराचा राजीनामा नव्हता. आपल्या छपराखाली जे घडले त्याचे उत्तर देण्याचा होता, आणि तो मनापासून नव्हे तर अहवालाने भाग पाडल्यामुळे आला. नीतीच्या तराजूत चिंतामणरावांचा राजीनामा निःसंशय वजनदार. पण समाजाच्या पदरात काय पडले हे पाहिले, तर नाखुशीने दिलेल्या दुसऱ्या राजीनाम्याने अधिक दिले. कारण त्याच्या आधी उघड चौकशी झाली, कागद बाहेर आले, साक्षी झाल्या, सत्य नोंदले गेले. पहिल्यात त्याग होता पण चौकशी झाली नाही. दुसऱ्यात चौकशी झाली पण त्यागाचा लवलेश नव्हता.

आपल्या श्रद्धेच्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. प्रायश्चित्त संस्काराचे मध्ययुगीन ईशविज्ञानाने तीन भाग सांगितले: हृदयाचा पश्चात्ताप, मुखाची कबुली आणि कृतीची भरपाई. या तिसऱ्याला लॅटिनमध्ये 'सातिसफाक्सिओ' म्हणतात. 'पुरेसे करणे' असा त्याचा शब्दशः अर्थ. नुसते 'चुकलो' म्हणून कोणी सुटत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला पुरे पडेल असे काही करावे लागते. जक्कयाची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. जकातदारांचा तो मुखिया उंबराच्या झाडावरून उतरला, प्रभू त्याच्या घरी जेवला. परंतु त्याने जकातीच्या पदाचा राजीनामा दिल्याचे संत लूक कोठेही सांगत नाही. त्याने सांगितली ती आकडेवारी: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत. आपण प्रवचनांत त्याच्या झाडावर चढण्याचे वर्णन रंगवून करतो आणि चौपटीचा आकडा घाईने उरकतो, हे काही बरे नव्हे.

संत थॉमस मोर यांचेही उदाहरण घेऊ. इंग्लंडचे हे चॅन्सेलर १६ मे १५३२ रोजी राजमुद्रा परत करून मोकळे झाले, १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला, १९३५ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. त्यांच्या हौतात्म्याची कथा सर्वश्रुत आहे. पद सोडल्यानंतरची एक लहानशी हकिगत त्यांच्या जावयाने लिहून ठेवली आहे ती तितकी परिचित नाही. राजाची मर्जी फिरल्यावर मोर यांच्यावर लाचेचे आळ येऊ लागले. एका दाव्यात त्यांच्या निकालाचा लाभ झालेल्या पक्षाच्या पत्नीकडून त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेला प्याला घेतला, असा आरोप राजाच्या मंत्रिमंडळापुढे झाला. प्याला घेतल्याचे मोर यांनी मान्य केले. आरोप करणारा हर्षभरित झाला. मग मोर यांनी पुढचे सांगितले: तो प्याला त्यांनी मद्याने भरवला, त्या बाईंच्या नावाने एक घोट घेतला आणि नववर्षाची भेट म्हणून तोच प्याला तिच्या हाती परत दिला. पद सोडले म्हणून प्रश्न विचारण्याचा तुमचा अधिकार संपला, असे ते म्हणाले नाहीत. जे विचारले त्याचे उत्तर साक्षीपुराव्यासह दिले.

मुंबईच्या ख्रिस्तसभेपुरते बोलायचे तर आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांचे नाव घ्यावेच लागेल. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. त्या काळी पोर्तुगालशी झालेल्या करारान्वये या धर्मपीठावर आलटून पालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप नेमण्याची विचित्र व्यवस्था होती. रॉबर्ट्स यांना ती भारतीय ख्रिस्तसभेचा अवमान वाटे. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना त्यांचे साहाय्यक बिशप नेमण्यात आल्यावर रॉबर्ट्स स्वतः मुंबई सोडून दूर राहिले, म्हणजे कारभार आपोआप भारतीय हातात जावा. १९५० मध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि ग्रेशस पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. रॉबर्ट्स यांनी पुढे अधिकाराचा वापर आणि गैरवापर या विषयावरच पुस्तक लिहिले. बिनखुर्चीचा हा आर्चबिशप अखेरपर्यंत वरिष्ठांना अडचणीचे प्रश्न विचारीत राहिला.

पण आपल्या घरातले एवढेच चित्र दाखवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २००२ मध्ये बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवीत राहिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. २००४ मध्ये त्यांची रोममधील संत मेरी मेजर या महामंदिराचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. ज्यांची बालपणे उद्ध्वस्त झाली त्यांनी हे वर्तमान वृत्तपत्रांत वाचले. त्यांना 'सातिसफाक्सिओ'चा अर्थ कसा समजावून सांगावा, हे आम्हांला आजही सुचत नाही. २०१८ मध्ये चिलीच्या बिशपांनी अशाच प्रकरणावरून एकत्रितपणे पोप फ्रान्सिस यांच्यापुढे राजीनामे ठेवले आणि २०१९ मध्ये बिशपांच्याही उत्तरदायित्वाची कार्यपद्धती घालून देण्यात आली, ही सुधारणा खरी. पण ती वृत्तपत्रांनी आणि न्यायालयांनी दार ठोठावल्यानंतरची. मंत्रालयाकडे बोट दाखविताना उरलेली तीन बोटे कोणाकडे वळलेली असतात हे आपण विसरू नये.

मंत्रालयाकडे मात्र पाहिले पाहिजेच. जानेवारी १९८२ मध्ये न्या. बख्तावर लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना जावे लागले. सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध न्यायालयाने जोडला होता. (अंतुले चिंतामणरावांच्याच जिल्ह्याचे, आणि त्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून रायगड करणारेही तेच.) खटले पुढे वर्षानुवर्षे चालले, तेही पुन्हा केंद्रात मंत्री झाले. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले, तेव्हा चौकशी पुन्हा लेंटिन यांच्याकडेच आली. औषधखरेदी, औषध प्रशासन, रुग्णालय आणि मंत्र्यांचे कार्यालय अशी सगळी साखळी त्यांनी उघडी केली. हा अहवाल आजही औषध प्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असा आहे. त्यात मेलेल्यांना केवळ संख्या म्हणून वागविलेले नाही.

नोव्हेंबर २००८ चा हल्ला तर आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख, असे तीन मराठी नेते काही दिवसांच्या अंतराने पायउतार झाले. राज्यात राम प्रधान समिती नेमली गेली. पण ती न्यायालयीन नव्हती आणि तिच्यापुढे छागलांसारखी खुली सुनावणी झाली नाही. वर्षभरातच, २००९ च्या निवडणुकीनंतर, आर. आर. पाटील त्याच गृहखात्यावर परतले. ते परतले यात अयोग्य काही नसेलही. लोकांनी त्यांना निवडून दिले होते. पण ते गेले तेव्हा नेमके कशासाठी गेले आणि परतले तेव्हा त्यातले काय फिटले होते, हे कोणी सांगितले नाही, आणि आपणही विचारले नाही.

१९५८ कडे पुन्हा एकदा वळू. कृष्णम्माचारी १९६३ मध्ये परत अर्थमंत्री झाले आणि १९६५ च्या अखेरीस नव्या आरोपांच्या चौकशीचा प्रश्न निघाला तेव्हा पुन्हा राजीनामा देऊन गेले. एच. एम. पटेल १९७७ मध्ये स्वतः अर्थमंत्री झाले, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना. आणि मार्च १९५८ मध्ये, मुंदडा प्रकरणाने रिकाम्या झालेल्या त्या खुर्चीवर, चिंतामणरावांच्या जागी आलेल्या मंत्र्याच्याही जागी, कोण येऊन बसले? मोरारजी देसाईच. ज्यांच्या राज्यकारभारातील गोळीबाराची चौकशी मागत एक अर्थमंत्री बाहेर पडला, ते पावणेदोन वर्षांच्या आत त्याच खात्याचे धनी झाले. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. संसदेत त्याचे स्वागतही झाले असेल.

फ्लोरा फाउंटनजवळ आता शेतकरी आणि कामगार यांचा मशाल धरलेला पुतळा आहे आणि त्या चौकाला हुतात्म्यांचे नाव आहे. हुतात्म्यांच्या यादीत पवार, जाधव, मोरे, कदम अशी नावे आहेत, तशीच जोसेफ डेव्हिड पेजारकर, के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, महंमद अली आणि बालप्पा मुतण्णा कामाठी अशीही आहेत. संयुक्त महाराष्ट्र हा केवळ एका जातीचा किंवा एका धर्माचा लढा होता असे म्हणणाऱ्यांनी ती यादी सावकाश वाचावी. त्यांच्यापैकी कोण मोर्चात होता, कोण दंगलीत होता, आणि कोण केवळ पाळी संपवून घरी चालला होता किंवा दूध आणायला खाली उतरला होता, हे यादीवरून समजत नाही. ते समजावे म्हणूनच १९५६ मध्ये न्यायालयीन चौकशी मागितली गेली होती.